तोंडी कामाची नोंद : कोरेगाव तालुक्यातील एका केंद्राचा इंग्रजी प्रकल्प, २०२५-२६

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा उघडल्या. पहिलीला यंदापासून नवा अभ्यासक्रम लागू होत आहे आणि पुढच्या इयत्तांना तो टप्प्याटप्प्याने येणार आहे. त्यामुळे केंद्रातील, म्हणजे आसपासच्या गावांच्या आमच्या शाळागटातील, जिल्हा परिषद शाळांमध्ये पहिली ते पाचवीच्या इंग्रजीचे काम एकाच धोरणाने चालावे, यासाठीचा प्रकल्प याच वर्षी हाती घ्यायचा, असे उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या शिक्षण परिषदेत (केंद्रातील शिक्षकांच्या बैठकीत) ठरले होते. समन्वयाचे काम केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे दिले आहे. माझा स्वतःचा वर्ग सांभाळून ते करायचे असल्याने नोंदी वेळच्या वेळी लिहून ठेवणे भाग आहे.

महाराष्ट्रात सर्व शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. या पंचवीस वर्षांत पुस्तके बदलली, प्रशिक्षणे झाली, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ऐकणे-बोलणे आधी आणि वाचणे-लिहिणे नंतर हा क्रमही कागदोपत्री सर्वमान्य झाला. तरीही बहुसंख्य वर्गांत फळ्यावर शब्द, त्यापुढे मराठी अर्थ आणि मुलांच्या तोंडी स्पेलिंगचा घोष हीच पद्धत टिकून राहिली. याचा दोष शिक्षकांच्या इच्छेवर टाकणे मला पटत नाही. सत्राच्या अखेरीस जे विचारले जाणार आहे तेच शिक्षक शिकवतो, आणि आपण सत्राच्या अखेरीस विचारत आलो ते स्पेलिंग, अर्थ आणि रिकाम्या जागा. म्हणून या प्रकल्पाची सुरुवात पाठ्यपुस्तकापासून न करता मूल्यमापनापासून करावी, असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला.

त्यासाठी नवीन परवानगीची गरज नाही. २० ऑगस्ट २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या शासन निर्णयात पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ७० टक्के आणि संकलितचा (सत्राअखेरच्या चाचणीचा) ३० टक्के आहे. तिसरी-चौथीला तो ६० आणि ४० होतो, पाचवीला निम्मा-निम्मा. आकारिकच्या साधनतंत्रांत 'तोंडी काम' दैनंदिन निरीक्षणाच्या लगेच खाली लिहिलेले आहे. ही जागा आपल्याकडे गेली पंधरा वर्षे आहे आणि इंग्रजीपुरती ती बहुतेक ठिकाणी अंदाजाने भरली जाते. ती मुलाचे बोलणे प्रत्यक्ष ऐकून भरली जावी, एवढे एकच उद्दिष्ट मी प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

३० जून २०२५, सोमवार

वेळापत्रकाचे काम आज पुन्हा करावे लागले. तिसऱ्या भाषेबाबतचे १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय रद्द झाल्याची घोषणा काल झाली, त्यामुळे पहिलीपासून तिसरी भाषा हा विषय तूर्त बाजूला पडला आहे. काही शाळांनी त्या धोरणानुसार तासिकांची मांडणी केली होती, ती बदलून घेतली. पहिलीला आता मराठी आणि इंग्रजी या दोनच भाषा आहेत. सहा वर्षांच्या मुलाचा विचार करता ही मांडणी मला योग्य वाटते. मराठी वाचन पक्के होण्याआधी भाषांची संख्या वाढली की ताण सर्वप्रथम मराठीच्या तासावर येतो.

मुख्याध्यापकांना एक विनंती केली आहे : इंग्रजीची तासिका मधल्या सुट्टीनंतर लगेच ठेवावी आणि पहिली-दुसरी एकत्र बसणाऱ्या द्विशिक्षकी शाळांत ती दोन्ही इयत्तांची एकत्रच घ्यावी. ऐकण्या-बोलण्याच्या कामात इयत्तांची भिंत फारशी आड येत नाही, उलट दुसरीतील मुलांचे पाहून पहिलीतील मुले लवकर धीट होतात.

१९ जुलै २०२५, शनिवार

वाठार स्टेशनच्या बाजूच्या एका द्विशिक्षकी शाळेत सकाळसत्रात वर्ग पाहिला. पाऊस नव्हता, पण व्हरांड्यात ओल होती, म्हणून सगळी मुले एकाच खोलीत होती. बाईंनी शाळा उघडल्यापासून पुस्तक न उघडता केवळ सूचनांचे काम घेतले आहे. ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली आहे : शिकवणाऱ्याने आज्ञा द्यायची, शिकणाऱ्याने शरीराने उत्तर द्यायचे आणि बोलण्याची सक्ती मुळीच करायची नाही. मूल प्रथम समजून घेते, बोलणे मागाहून आपोआप येते, हे त्यामागचे गृहीतक आहे.

बाई म्हणाल्या, "पुट द बॉटल अंडर द चेअर." पहिलीतील एक मुलगी पाण्याची बाटली घेऊन उठली, खुर्चीपाशी गेली आणि बाटली खुर्चीवर ठेवून बाईंकडे पाहू लागली. बाईंनी मान हलवली नाही, हाताने खूण केली नाही, तेच वाक्य त्याच चालीत पुन्हा म्हटले. मुलीने बाटली उचलली, क्षणभर हातात धरली, मग वाकून खुर्चीखाली सरकवली आणि बाटली आडवी झाली ती पुन्हा उभी केली. मागून दुसरीतील दोघे तिला मराठीत सांगण्याच्या बेतात होते, त्यांना बाईंनी केवळ नजरेने थांबवले होते. त्यानंतर त्या मुलीला 'ऑन' आणि 'अंडर' पुन्हा समजावून सांगावे लागले नाही. तासाच्या शेवटी तिनेच दुसऱ्या मुलाला वहीबाबत तशीच आज्ञा दिली, 'द' गाळून, पण बाकी सगळे शब्द योग्य क्रमाने.

बाईंशी नंतर बोलले. त्यांची अडचण अगदी रास्त आहे : वर्गात हे सगळे होते, परंतु तपासणीला आलेल्या माणसाला वहीत काहीच दिसत नाही. पुढच्या भेटीपूर्वी नोंदीचा एक तक्ता देण्याचे मी कबूल केले आहे. मुलांच्या नावांपुढे पाच उभे रकाने, त्यात फक्त तारीख लिहायची. टक्के, श्रेणी, शेरा काहीही लिहायचे नाही.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

आजच्या शिक्षण परिषदेचा दुपारचा भाग या प्रकल्पासाठी राखून ठेवला होता. आजवरच्या कामाचा हा सर्वांत महत्त्वाचा दिवस असल्याने सविस्तर लिहीत आहे.

तिसरीतील एका मुलाची मोबाइलवर घेतलेली छोटी चित्रफीत, पालकांच्या संमतीने, सर्वांना दाखवली. मुलासमोर बाजाराचे चित्र आहे आणि त्याला चित्रात काय दिसते ते सांगायचे आहे. मुलगा सुरुवातीला गप्प राहतो. मग "वुमन... टोमॅटो," असे म्हणतो. बाई विचारतात, "व्हॉट इज शी डुइंग?" तो पुन्हा थांबतो, तराजूकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "शी टोमॅटो गिव्ह. मॅन मनी गिव्ह." शेवटी स्वतःहून विचारतो, "मॅडम, डॉग व्हॉट डुइंग?" कारण चित्राच्या कोपऱ्यात एक कुत्रा आहे.

कोणाशीही न बोलता दहापैकी गुण द्या, असे सांगितले. चिठ्ठ्या उघडल्यावर एकाच मुलाला दोनपासून आठपर्यंत गुण मिळालेले दिसले. कमी गुण देणाऱ्यांचे म्हणणे होते की त्याने एकही वाक्य शुद्ध बोललेले नाही. जास्त गुण देणाऱ्यांचे म्हणणे होते की त्याने विक्रीचा सगळा व्यवहार सांगितला आणि न विचारता प्रश्नही केला. दोन्ही बाजूंनी मनापासून मुद्दे मांडले गेले. निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, "बाई, आज चूक चालवून घेतली तर ती सुधारायची कधी? दहावीत?" हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. मी त्यांना असे सांगितले की त्या मुलाने क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवले ते मराठीच्या सवयीने. त्याच्या डोक्यात वाक्य तयार होत आहे, हेच त्यावरून दिसते. अशा वेळी बाईंनी "येस, शी इज गिव्हिंग टोमॅटोज" असे योग्य रूप सहजपणे परत ऐकवावे, मुलाला थांबवू नये. लेखनात मात्र तिसरीच्या दुसऱ्या सत्रापासून शब्दक्रमाकडे लक्ष द्यावे. गुरुजींचे पूर्ण समाधान झाले असे म्हणता येणार नाही, परंतु लेखी आणि तोंडी यांचे निकष वेगळे ठेवण्यास त्यांनी संमती दिली.

त्यानंतर पाच पायऱ्यांवर एकमत झाले. पहिल्या पायरीवर मूल हावभावाच्या मदतीशिवाय सूचना समजून कृती करते. दुसरीवर एका शब्दात उत्तर देते. तिसरीवर दोन-तीन शब्द जोडून अर्थ पोहोचवते. चौथीवर पूर्ण वाक्य बोलते, त्यात किरकोळ चुका असल्या तरी चालतील. आणि पाचवीवर स्वतः प्रश्न विचारते किंवा समोरच्याचे बोलणे पुढे नेते. या पायऱ्या इयत्तांना बांधलेल्या नाहीत. चित्रफितीतील मुलगा तिसऱ्या पायरीवर पक्का आहे आणि पाचव्या पायरीकडे हात लांबवतो आहे, असे सर्वांचे मत पडले. दुसरी चित्रफीत दाखवून पुन्हा पायरी विचारली तेव्हा मतांतर एका पायरीपेक्षा जास्त राहिले नाही. याच पायऱ्या जुलैत कबूल केलेल्या तक्त्याच्या पाच रकान्यांत बसवल्या आणि मूल ज्या दिवशी पायरी गाठेल त्या दिवसाची तारीख त्या रकान्यात लिहायची असे ठरले.

परिषदेत शिक्षकांच्या स्वतःच्या बोलण्याचा विषयही निघाला. अनेकांना वर्गात इंग्रजी बोलताना संकोच वाटतो आणि तो लपवण्यासाठी पुस्तकातील वाक्ये वाचून दाखवली जातात. यावर व्याख्याने देऊन उपयोग होत नाही. रोज वर्गात लागणारी नेमकी वाक्ये, म्हणजे वही उघडा, रांगेत या, कोण राहिले, पुन्हा सांग, अशी एका पानावर घेतली आहेत. दर परिषदेच्या सुरुवातीला जोड्या करून ती बोलायची, बाहेरचा कोणीही निरीक्षक त्या वेळी खोलीत नसेल. वर्गात 'मराठी बोलू नका' असा नियम कोठेही करायचा नाही, हेही नमूद केले. सूचना इंग्रजीत द्याव्यात. मूल गोंधळले, घाबरले, भांडले तर त्याच्याशी मराठीतच बोलावे.

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

या महिन्यात काम मंदावले. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबरच्या निकालानुसार सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरल्यामुळे अनेक सहकारी अभ्यासाच्या चिंतेत आहेत. वीस-बावीस वर्षे शिकवलेल्या माणसाला रात्री पुन्हा बालमानसशास्त्राचे प्रश्नसंच सोडवताना पाहून नवा तक्ता भरला का, हे विचारण्यास जीभ धजत नाही. तक्त्याची मुदत पुढे ढकलली.

पाचवीचा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या भागात शिष्यवृत्ती परीक्षेचा मान मोठा आहे आणि गावाच्या फलकावर नाव लागते ते तिच्या गुणवत्ता यादीतील मुलांचे. तिच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, सगळे वस्तुनिष्ठ. त्यामुळे पाचवीचे शिक्षक ऑगस्टपासूनच पर्यायांतून उत्तर ओळखण्याच्या सरावाला लागतात आणि तोंडी काम मागे पडते. शिष्यवृत्तीचा सराव बंद करा असे सांगणे अव्यवहार्य आहे आणि मला ते योग्यही वाटत नाही, कारण गरीब घरातील मुलांना या परीक्षेने पुष्कळ दिले आहे. तडजोड अशी केली की सरावाचा प्रत्येक प्रश्न सोडवल्यावर मुलाने ते पूर्ण वाक्य मोठ्याने बोलावे आणि आपला पर्याय का निवडला ते जोडीदाराला सांगावे. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्यामुळे या वर्गांवर लेखी परीक्षेचा भार वाढलेलाच आहे, तेव्हा याहून अधिक अपेक्षा या वर्षी ठेवू नये.

७ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

आज विद्यार्थी दिवस. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचा प्रवेश झाला आणि तो इंग्रजी पहिलीत झाला. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला आज पालक मोठ्या संख्येने आले होते, म्हणून मी याच माहितीचा आधार घेऊन बोलले. त्या काळी मूल आधी मराठी इयत्ता शिकून मग इंग्रजी पहिलीत बसत असे. मराठी वाचता-लिहिता येणारे मूल इंग्रजीकडे वळत होते.

हे सांगण्याचे कारण असे की काही पालक मुलांना दूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्याचा विचार करत आहेत. त्यामागे सैनिक शाळेचे स्वप्नही आहे; ते या जिल्ह्यातील घराघरांत आहे. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. एका वडिलांनी विचारले, "मॅडम, तुमच्या शाळेत पोरगं चौथीपर्यंत इंग्लिश बोलंल का, तेवढं सांगा." मी वचन दिले नाही. त्यांच्या मुलाला बोलावून चित्र दाखवले आणि त्याच्याशी पालकांसमोरच इंग्रजीत दोन-तीन मिनिटे बोलले. तो चौथ्या पायरीवर आहे; एका प्रश्नाला अडला तेव्हा मराठीत विचारून घेतले आणि पुन्हा इंग्रजीत उत्तर दिले. त्याचे वडील काही बोलले नाहीत, पण सभा संपेपर्यंत थांबले आणि जाताना तक्त्यातील त्याच्या नावापुढच्या तारखा त्यांनी नीट वाचल्या.

यापुढे प्रगतिपुस्तक देताना प्रत्येक शाळेने पालकांसमोर असे संभाषण करून दाखवावे, असे सुचवणार आहे. पालकांना वहीतील स्पेलिंग तपासता येत नाही आणि गुणांवर त्यांचा विश्वास उरलेला नाही. मुलाचे बोलणे मात्र ते स्वतः ऐकू शकतात.

१३ डिसेंबर २०२५, शनिवार

गळीत हंगाम सुरू झाल्याने ऊसतोड कुटुंबांची मुले केंद्रातील दोन शाळांत दाखल झाली आहेत. स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठी दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड काहींकडे आहे, काहींकडे नाही. इंग्रजीत ही मुले कोठे आहेत हे जाणण्यासाठी लेखी चाचणी न घेता थेट पायऱ्यांचा तक्ता वापरला आणि काही मिनिटांत अंदाज आला. पाचवीतील एका मुलीला अक्षरे लिहिता येत नाहीत, पण तिला सूचना सगळ्या समजतात, कारण तिच्या आधीच्या शाळेत बाई बोलत असत. लेखी चाचणी घेतली असती तर ती पहिलीच्या गटात बसली असती. हंगाम संपल्यावर ही मुले परत जातील तेव्हा तक्त्याची प्रत त्यांच्याबरोबर द्यायची आहे.

चौथी-पाचवीसाठी नवा उपक्रम सुरू केला. बेंगळुरू येथे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी शाळांमध्ये जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाचे धडे न देता मुलांना विचार करायला लावणारी कामे इंग्रजीतून दिली जात. गाड्यांचे वेळापत्रक वाचून प्रवास ठरवणे हे त्यातलेच एक काम. आपण एसटीचे वेळापत्रक घेतले. कोरेगाव बसस्थानकावरून वेळा उतरवून आणल्या आणि मुलांना प्रश्न दिला : साताऱ्याला दवाखान्यात अकरा वाजता पोहोचायचे आहे, कोणती गाडी धरावी? गटात चर्चा मराठीत झाली, ती होऊ दिली. उत्तर मात्र कारणासह इंग्रजीत द्यायचे होते. 'बिकॉज' हा शब्द एरवी पाठ करूनही कोणी वापरत नसे, तो आज तासभर प्रत्येकाच्या तोंडी होता. एका गटाने सांगितले की नऊची गाडी नेहमी उशिरा येते, म्हणून तिच्या आधीची धरावी. वेळापत्रकात हे लिहिलेले नव्हते. त्या गटाचे उत्तर बाकीच्यांनी मान्य केले.

२४ जानेवारी २०२६, शनिवार

जवळच्या माध्यमिक शाळांतील इंग्रजी शिक्षकांबरोबर बैठक झाली. सहावीत येणाऱ्या मुलांच्या सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञान-गणिताची पुस्तके इंग्रजीत असतात, तेव्हा तुमचे तोंडी काम ठीक आहे पण मुलांना परिच्छेद वाचून समजला पाहिजे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. चौथीतील कित्येक मुले आजही इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलने देवनागरी लिहून तेच वाचतात; डोळा रोमन अक्षरांवर पडतच नाही. पुढील वर्षी तिसरीपासून अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर घालावी लागेल. सुरुवात मुलांना बोलून माहीत झालेल्या शब्दांपासून करावी, म्हणजे वाचलेला शब्द ओळखीचा निघतो.

१४ मार्च २०२६, शनिवार

वर्षाअखेरीचा आढावा घेतला. तक्ता सर्व शाळांनी सारख्या काळजीने भरलेला नाही. काही ठिकाणी सगळ्या तारखा एकाच पेनने, एकाच दिवशी लिहिलेल्या दिसतात. त्या शाळांना जाब विचारण्याऐवजी पुढील वर्षी तेथे जाऊन शिक्षकांसोबत बसून पहिल्या काही नोंदी करून द्याव्यात, असे केंद्रप्रमुखांना सुचवले आहे. जेथे तक्ता प्रामाणिकपणे भरला गेला तेथे आकारिक मूल्यमापनातील तोंडी कामाचे गुण त्याच्या आधारे दिले गेले आणि ते कसे दिले हे शिक्षक पालकांना सांगू शकले. ऑगस्टमध्ये प्रश्न विचारणाऱ्या गुरुजींनी आपल्या वर्गाचा तक्ता मुलांच्या बोलण्यातील प्रत्यक्ष वाक्यांसह भरला आहे. त्यातली वाक्ये त्यांच्या परवानगीने पुढील परिषदेत नमुना म्हणून वापरणार आहे.

बाकी कामे अशी राहिली आहेत : दुसरीच्या शिक्षकांची उजळणी शाळा उघडण्यापूर्वी घ्यायची आहे, ऊसतोड मुलांच्या तक्त्यांच्या प्रती हंगाम संपण्याआधी तयार करायच्या आहेत आणि तोंडी कामासाठीचा चित्रसंच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गट साधन केंद्राकडे द्यायचा आहे. संचातील बाजार, शेत आणि बसस्थानकाची चित्रे पूर्ण झाली असून दवाखान्याचे चित्र रहिमतपूरच्या कलाशिक्षकांकडे काढण्यास दिले आहे.